कुमारी मीराचं निरीक्षण

कुकरची शिट्टी झाली आणि सुनीती दचकली. लाल पेनाची रेघ समासात घसरली.

दुपारचे अडीच वाजले होते. चार वाजता बी.एड.च्या कॉलेजात फाइल द्यायची होती आणि अजून अकरा पानं तपासायची राहिली होती. जमिनीवर, तिच्याकडे पाठ करून, पाच वर्षांची ज्ञानदा चित्र रंगवत होती.

"झाली का पोथी?" तिच्या नवऱ्याने, नरहरने, चपला घालता घालता विचारलं. "मी पेट्रोल टाकून येतो. चारनंतर तुमच्या मॅडम फाइलले हातही लावत नाहीत म्हणे."

"हव. तुम्ही या तर खरं."

दार लागलं. सुनीतीने पुढचं पान ओढलं. सरावशाळेतलं एक मूल निवडायचं, महिनाभर न्याहाळायचं आणि नाव बदलून लिहायचं, असा नियम होता. पण तो महिना ज्ञानदाच्या कांजिण्यांत गेला. शाळेत जाणं झालंच नाही. मग तिने घरातलीच पोट्टी न्याहाळली. पोळ्या लाटता लाटता, कपडे वाळत घालताना, दोन-दोन ओळी कॅलेंडरच्या मागे लिहिल्या आणि मुलीचं नाव ठेवलं कुमारी मीरा.

कच्च्या कागदात मात्र सवयीने खरंच नाव पडलं होतं. तात्यापारा मोहल्ल्यातला टायपिंगवाला म्हणाला होता, "हव दीदी, सब बदल दिया." पहिल्याच पानावर दोन 'ज्ञानदा' निघाल्या. आणखी एक जरी राहिली तरी मॅडम विचारणार, ही कोण? फाइल परत, वर्ष बुडालं.

ती नाव शोधत भराभर वाचू लागली.

तीन तारीख. मीराला तीनदा हाक मारली. तिने मुद्दाम दुर्लक्ष केले.

नऊ तारीख. टीव्ही फार मोठ्याने लावते. समजावूनही ऐकत नाही.

चौदा तारीख. आई गोष्ट सांगताना ज्ञानदा तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवते. लक्ष वेधून घेण्याची सवय.

सापडलं. सुनीतीने त्या नावावर काट मारली. वर 'मीरा' लिहायला पेन टेकवलं आणि ते तिथेच थांबलं. मीराची हनुवटीची सवय तिने कितीदा तरी वाचली होती. ज्ञानदाची आज पहिल्यांदा वाचत होती.

ती खालच्या ओळीवर गेली. एकवीस तारीख. दिवा बंद केल्यावर गोष्ट ऐकायला तयार नसते. दिवा लावायला लावते. अंधाराची भीती.

मग शेवटचं पान. निष्कर्ष : मुलगी हट्टी असून आज्ञा पाळत नाही. उपाय : शिस्त. सासूबाईही तेच म्हणत, पोट्टी तुझ्यावर गेली, ऐकायचं नाव नाही. उपाय तर सुनीतीने करूनही पाहिला होता. दोनदा. दुसऱ्यांदा गालावर बोटं उठली होती.

"ज्ञानदा," तिने हाक मारली. घरात नेहमी मारायची तशी ओरडून नाही. साध्या आवाजात.

खडू कागदावर फिरत राहिला.

"ज्ञानू. माझ्याकडे पाह्य."

चित्रातल्या झाडाला आणखी एक हिरवं पान आलं.

खाली नरहरने हॉर्न दिला. सुनीती उठली. ती पोरीच्या समोर जाऊन बसली. ज्ञानदाने वर पाहिलं आणि हसली.

"बाळा," सुनीती हलकेच म्हणाली, "माझं बोलणं तुले ऐकू येते ना?"

ज्ञानदा तिच्या ओठांकडे टक लावून बघत राहिली. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"आई, नुसतं तोंडच काहून हलवून राहिली? बोल ना."