लाल धागा

मेलेली लेकरं एका दिवसापुरती घरी येतात, तो दिवस. मेरिदाला निघालेल्या ग्रिसेल्दाने पाव घ्यायला वाटेतल्या काम्पेचे शहराच्या तटबंदीपाशी गाडी थांबवली. पाववाल्या म्हातारीने तिच्या लेकीच्या, इत्सेलच्या मनगटाला लाल धागा बांधला.

"किती आवळताय आजी! पोरगी आहे, बोकड नाही."

"असू दे गं. ती पोरं परत जाताना जित्या पोरांना खेळायला ओढून नेतात. धागा दिसला की हात लावत नाहीत."

गाडीत बसल्यावर इत्सेलचं मनगट मोकळं दिसलं.

"धागा कुठे पाडलास, भवाने?"

"दादाला बांधला. आता त्यालाही कुणी परत नेणार नाही."

दादाला जाऊन दोन वर्षं झाली होती.

मागे सीटचा पट्टा खट्कन लागला. मग दुसरा.

ग्रिसेल्दाने घाईघाईने काच खाली केली. "आजी, अजून एक धागा द्या. आणि दोन्ही घट्ट बांधा."