दिल्ली सोडून पाच

‘यात दिल्लीचं एकही कॉलेज नाही,’ हरिदास म्हणाला. त्याने कागद उलटून मागची बाजूही पाहिली. मागे काहीच नव्हतं.

‘नाहीच आहे,’ प्रभा म्हणाली. ती फरसबीच्या शिरा काढत बसली होती.

मुळात अशी यादी करायची वेळ येईल असं हरिदासला वाटलंच नव्हतं. सरकारी नोकरी सोडून त्याने परदेशी कंपनी धरली होती, गाझियाबादच्या नव्या वसाहतीत फ्लॅट घेतला होता, खाली मारुती उभी केली होती. देश आता कॉम्प्युटरवर चालणार, हे तो भेटेल त्याला ऐकवत असे. घराजवळच नवं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं होतं आणि त्याच्या साहेबांची तिथे ओळख होती. मुलीची जागा त्याने मनातल्या मनात पक्कीसुद्धा करून टाकली होती. विचारायचं राहिलं होतं ते फक्त मुलीला.

आणि बारावीचा शेवटचा पेपर देऊन आल्या आल्या कृतिकाने सांगून टाकलं, की ती गणित करणार. नुसतं गणित.

‘गणित करून काय होणार? शाळेत मास्तरीण?’

‘झाले तर झाले. पण इंजिनिअरिंग बिल्कुल नाही, बाबा. तुम्ही फॉर्म भरलात तर मी पेपर कोरा देऊन येईन.’

सतरा वर्षांची पोर, पण नजर खाली नाही. हरिदासने आवाज चढवून पाहिला. अबोला धरला. घरचा डबा न्यायचं बंद केलं आणि कंपनीच्या कँटीनमध्ये पोटभर जेवून उपाशी असल्यासारखा चेहरा करून घरी येऊ लागला. पोरगी तसूभर हलली नाही. त्याला खरा धक्का बसला तो प्रभाचा. लग्न झाल्यापासून जिने कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, ती सरळ मुलीच्या बाजूने उभी राहिली.

यादी तिनेच केली. बँकेत इतकी वर्षं काढलेली बाई, काम चोख. कलकत्ता आणि मद्रास, जिथे लागलं तर नशीब. पुणे आणि हैदराबाद, जिथे लागायला हरकत नव्हती. आणि नागपूर, जिथे नंबर लागणारच.

‘दिल्लीत गणिताची काय कमी आहे?’ हरिदासने विचारलं.

‘कमी काही नाही. पण ती इथे राहिली, तर रोज जेवताना तुम्ही तिला कॉम्प्युटरचं समजावत बसाल. वर्षभरात दमून हो म्हणेल ती.’

हे खरं होतं, म्हणून त्याला जास्तच झोंबलं. ‘आणि परक्या गावात पोर एकटी राहणार? हॉस्टेलमध्ये काय काय चालतं, माहीत आहे?’

‘राहण्याचं मी बघते.’

गॅसच्या नंबरापासून त्याच्या शर्टाच्या बटणापर्यंत सगळं प्रभाच बघत असे. मग तो शेजारी बसलेल्या कृतिकाकडे वळला.

‘आईकडून शिक जरा. दोनदा बदलीसकट प्रमोशन चालून आलं, दोनदा नको म्हणाली. घर मोडून कुठे जाणार? हिला कळतं ते.’

‘आईचं राहू द्या, बाबा. माझं बोला.’

प्रभाने पुढची शेंग उचलली.

शेवटी हरिदासच नमला. करोल बागेतल्या एका शाळेत कलकत्त्याच्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा होती, तिथे त्याने दोघींना गाडीने नेऊन सोडलं. वाटेत तो चकार शब्द बोलला नाही. पण निकाल लागला आणि कृतिकाचं नाव आलं, तसा तो बोलका झाला. महिनाभरात ऑफिसात सगळ्यांना ठाऊक झालं, की गणिताला पाठवायची कल्पना मूळ हरिदासची. त्याला आपल्या उदारपणाचं खरोखरच कौतुक वाटू लागलं होतं.

मुलीला पोचवायला प्रभा सोबत जाणार होती. नवी दिल्ली स्टेशनावर हरिदासने सामान चढवलं तेव्हा त्याला धाप लागली. बॅगाच एवढ्या होत्या, की घासाघीस करून हमालाला घालवून दिल्याचा त्याला पश्चात्ताप झाला. एका पिशवीत तर कुकर होता.

‘अगं, कुकर कशाला? तिथे मेस असेल,’ तो खिडकीशी येऊन म्हणाला.

‘असू द्या,’ प्रभा म्हणाली.

कृतिका आईला खेटून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ होती. हरिदासला एकदम भरून आलं. इतके दिवस आपण उगाच आडवे आलो, असं त्याला मनापासून वाटलं.

‘हिचं नीट बस्तान बसवून दे. आठवडा पुरेल ना?’ तो म्हणाला. गाडीने हलका झोका दिला, तसा तो खिडकीबरोबर चालू लागला. ‘परतीचं तिकीट कधीचं आहे ते सांग, मी घ्यायला येतो.’

‘परतीचं काढलेलं नाही,’ प्रभा म्हणाली. ‘तिसऱ्यांदा प्रमोशन आलं तेव्हा मी नाही म्हटलं नाही. आमच्या बँकेत प्रमोशनची जागा रिकामी असलेली पाचच गावं मी यादीत लिहिली होती, आणि सोमवारी मी कलकत्त्याला हजर होतेय.’