बॅगेतलं मेतकूट

"वजन जास्त होतंय, आई," असं म्हणत दर्शनाने सासूबाईंच्या बॅगेतून खाकऱ्याची पाकिटं काढली. मग मेतकूट काढलं, भाजणी काढली. सासूबाई पलंगावर बसून बघत होत्या.

घरच्या सगळ्यांच्या सहलीसाठी व्हिएतनाम तिनेच ठरवलं होतं. नवऱ्याला समुद्र हवा होता, मुलांना होड्या. तिथे पानात काय वाढतात हे कुणी विचारलं नाही आणि तिनेही आपणहून सांगितलं नाही.

वेंगुर्ल्याच्या माहेराहून ती परतली, की सासूबाई दारातच विचारायच्या, "मासे खाल्लेस ना?" मग डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकता यायचं नाही. एकदा तर अंगात ताप असताना, गार पाण्याने.

लोणच्याची बरणीही बाहेर आली तेव्हा सासूबाई कासावीस झाल्या. "अगं, शेजारच्या म्हणत होत्या, तिथे सगळ्यात मासेच असतात. मी काय खायचं?"

दर्शनाने बॅगेची चेन शांतपणे ओढली.

"मी खाईन तेच खा. परत आल्यावर डोक्यावरून आंघोळ केली की झालं. पाणी मी तापवून देईन, आई."