हिरवे ठिपके

अक्कलकोटच्या काशम्मांना सुनेचा संशय होता. कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या चंद्रिकेने घरी काचेच्या टाकीत मासे पाळले होते. सगळ्या माद्याच, आणि पोरी हुबेहूब आईसारख्या, रुपेरी नि कोऱ्या. पण या खेपेच्या एका पिल्लावर हिरवा ठिपका होता.

"गुपचूप दुसऱ्या जातीचा नर सोडलास की गं?"

"सोडला तरी यांच्या पिल्लांत बाहेरचं, नराचंसुद्धा, काही उतरत न्हाय, आत्याबाई. लाखात एखादवेळी शिरतं." चंद्रिका हसली. "आणि टाकीत हात तर तुमीच घालता, दर सोमवारी धुताना."

संध्याकाळी कीर्तनात बुवा म्हणाले, दागदागिने सगळे इथंच राहणार. काशम्मा मनात हसल्या. गोंदण तेवढं सोबत येतं, त्यावरूनच देव ओळखतो, असं आईने सांगितलं होतं. लग्नाआधी तिनेच त्यांच्या मनगटावर पाच ठिपके गोंदवून घेतले होते.

घरी येऊन त्यांनी टाकीत डोकावलं. आणखी चार पिल्लं होती, प्रत्येकावर एक हिरवा ठिपका.

काशम्मांनी हळूच बांगड्या मागे सारल्या.

मनगट कोरं होतं.