साडेपाच की सात

चंद्रशेखरने सात इंची नळीचं पिस्तूल काउंटरवर ठेवलं आणि परत साडेपाच इंची उचललं. हाईमने डोळे मिटून घेतले.

"अरे शेखर, आता बास! सकाळपासून तू ही दोनच पिस्तुलं खालीवर करतोयस."

"हे हातात बरं बसतं."

"मघाशी म्हणालास, सात इंची जड लागतं. मी मिस्टर प्रिचर्डना तराजू काढायला लावला. फरक किती निघाला? खिशातल्या किल्ल्यांएवढा!"

दुकानदार प्रिचर्ड म्हातारा होता आणि सभ्य होता. या दोघांच्या मराठीतलं त्याला 'बॅलन्स' आणि 'साइट' एवढंच कळत होतं. तेवढ्यावर तो मान डोलावत होता. बाहेर रग्बीच्या मॅचला निघालेली गर्दी गात चालली होती. थोड्या वेळात कार्डिफचे रस्ते बंद होणार आणि आपली मॉरिस गाडी संध्याकाळपर्यंत इथेच अडकणार, हे हाईमला स्पष्ट दिसत होतं.

हाईम कोकणातला बेने इस्राएल ज्यू, इथल्या पिस्तूल क्लबचा कॅप्टन होता. हॉस्पिटलात सर्जन असलेला चंद्रशेखर हा त्याचा सगळ्यांत भरवशाचा नेमबाज. त्याचं जुनं पिस्तूल झिजलं होतं, काउंटी मॅचआधी नव्याची हाताला सवय व्हायला हवी होती. काम एवढंच.

"नळी लांब असली की मागची खाच आणि पुढची साइट लांब लांब राहतात," हाईम एकेक शब्द तोडत म्हणाला. "हात जरासा ढळला तरी लगेच दिसतं, सावरता येतं. आखूड नळीत ढळलेलं दिसतच नाही, टार्गेटच्या कार्डावर भोक पडल्यावर कळतं. हे क्लबात नवीन लोकांना कोण शिकवतं? मी नाही, तू!"

"शिकवतो ना. पण प्रत्येकाची सवय निराळी असते."

"आता सवय का? मघाशी बॅलन्स होता!"

शेवटी प्रिचर्डनेच दुकानामागच्या रेंजची किल्ली पुढे केली. दोन्ही मारून बघा, डॉक्टर, म्हणाला.

चंद्रशेखरने आधी लांब नळीचं मारलं, मग आखूड. हाईमने कार्डं ओढून घेतली. लांब नळीची भोकं विखुरलेली होती. आखूड नळीची त्याहून वाईट. एक तर काळ्या वर्तुळाच्या बाहेरच. हाईमने दोन्ही कार्डं त्याच्या नाकासमोर धरली.

"बघितलंस?"

"बघितलं. तरी आखूडच घेतो."

"का? अरे, पण का? तुला नेम धरायचाय की डोळे झाकायचेत?"

चंद्रशेखरने सात इंची पिस्तूल उचललं, रिकामं असल्याची खात्री केली आणि टार्गेटच्या दिशेने हात सरळ केला.

"माझ्या खांद्यावरून बघ."

हाईम वाकला. मागच्या खाचेत पुढची साइट उभी होती. श्वासाबरोबर ती थोडी हलते, सगळ्यांचीच हलते. पण हा श्वास नव्हता. उकळी फुटायच्या आधी पातेल्यावरचं झाकण थरथरतं, तशी ती बारीक, भराभर थरथरत होती. थांबत नव्हती.

"आखूड नळीत हे दिसत नाही," चंद्रशेखर म्हणाला आणि त्याने हात खाली घेतला.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून असेल. आधी वाटलं, थंडीनं होतंय. परवा ऑपरेशन थिएटरमध्ये टाक्याची गाठ मारताना सिस्टरने मान वर करून माझ्याकडे पाहिलं."

मग आता पुढे काय, असं हाईम विचारणार होता. मग त्याला आठवलं. सोमवारी सकाळी याच हातांनी त्याच्या बायकोचं, रूथचं, पित्ताशयाचं ऑपरेशन व्हायचं होतं.

"शेखर, सोमवारी..."

"तेच सांगायला तुला घेऊन आलो."

"मग सकाळपासून नळीवरून काय हुज्जत घालत बसलास?"

"तोंडातून निघेना रे."

हाईमने कार्डं चुरगाळली. बाकावर बसला, लगेच उठला.

"तू नाही करायचंस."

"नाही करणार. आमच्याकडचा दुसरा सर्जन, हॅरिस, तो करेल. त्याचा हात उत्तम आहे. आज घरी गेल्यावर हॉस्पिटलला फोन करतो. मला काय झालंय तेही सांगतो."

"आणि रूथला कोण सांगणार? वर्षभर पोट धरून फिरली ती! इथल्या डॉक्टरांना माझं दुखणं मला इंग्लिशमध्ये सांगता येत नाही, म्हणायची. तू करणार म्हटल्यावर कुठे हो म्हणाली. हॅरिसचं नाव काढलं तर ती हॉस्पिटलसाठी भरलेली बॅग परत रिकामी करेल."

"मला माहितीये."

"माहितीये काय! माहितीये म्हणून कसं चालेल?" हाईम रेंजच्या दारापर्यंत गेला आणि तसाच माघारी आला. "हे बघ. कापायचं ते हॅरिसला कापू दे. तू तिच्या उशाशी उभा राहा. भूल चढेपर्यंत तिच्याशी बोल. शुद्धीवर येताना परत तिथेच दिसला पाहिजेस. बोलायला काही हात लागत नाहीत."

"आज संध्याकाळी येतो," चंद्रशेखर म्हणाला. "तिला मीच सांगेन."

दोघं पुढे दुकानात आले. प्रिचर्डने दोन्ही पिस्तुलांच्या पेट्या उघडून तयार ठेवल्या होत्या. कुठलं, अशा अर्थाने त्याने भुवया उंचावल्या.

"आज नको," हाईम इंग्लिशमध्ये म्हणाला. "सॉरी."

बाहेर पोलिसांनी रस्ता अडवायला सुरुवात केली होती. मॉरिसच्या मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. हाईमने दार उघडलं आणि ते धरून उभा राहिला. चंद्रशेखरच्या ओव्हरकोटचं वरचं बटण काजात जात नव्हतं. एकदा निसटलं, दुसऱ्यांदा निसटलं. हॉर्न पुन्हा वाजला. हाईम रस्त्याकडे बघत राहिला. चल लवकर, असं तो म्हणाला नाही.