औषध घातलेली गाडी

"सर, ह्यां म्हणजे खोकल्याचा औषध. खोकलो रवतलो, पण फुफ्फुसा नवी जावची नाय," असं म्हणत बाबली मेकॅनिकने पत्र्याचा छोटा डबा फोडला आणि आतला काकवीसारखा दाट ऐवज इंजिनात ओतला. "टॅपेट झिजलेत, रिंगा झिजल्यात. खरा तर इंजिनच उतरवूक होया."

"जोनाथनान गोव्यासून मुद्दाम धाडल्यान," लॉरेन्स सर म्हणाले. "पोराचा मन कशाक मोडूचा?"

डब्यावर छापलं होतं, जुनं इंजिन पुन्हा तरुण. आता डब्यावर काय, काहीही छापतात हो! पण गाडी सुरू केली आणि बाबलीचीच भुवई वर गेली. चाळीस वर्षांची गाडी. कित्येक वर्षं अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी टकटकणारी. ती चक्क गप्प. मागे निळा धूरसुद्धा नाही.

"म्हयनोभर," बाबली म्हणाला. "मगे परत तांच."

सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रिकामा डबा बायकोला, कार्मीनला, वाचून दाखवायला म्हणून बाजूच्या सीटवर ठेवला आणि निघाले.

गाडी चालतेय की तरंगतेय, त्यांना कळेना. माडांची सावली, मग ऊन, पुन्हा सावली, बॉनेटवरून सरकत होती. कुठेतरी कोणी खोबरं खवत होतं, तेही ऐकू आलं. या गाडीत बसून समुद्र ऐकू येतो, हे सरांना अडुसष्टाव्या वर्षी समजलं. बाबली गेला खड्ड्यात, इतकं बरं वाटलं त्यांना!

वारा आत येत होता. डोळ्यांवर पेंग नव्हती, पण मन कुठल्या कुठे गेलं. याच गाडीतून त्यांनी कार्मीनला लग्न करून आणलं होतं. दोस्तांनी मागच्या बंपरला रिकामे डबे बांधलेले. त्या खडखडाटात कुत्री मागे लागली, पोरं मागे लागली, आणि डोक्यावरून सोडलेल्या पांढऱ्या जाळीदार व्हेलमधली कार्मीन दोन्ही कान झाकून हसत सुटली होती. काय हसायची ती!

या सगळ्यात सर एक गोष्ट साफ विसरले. काचबिंदूने कार्मीनची नजर जाऊन चार वर्षं झाली होती. घरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, दुपारनंतर फणसाची सावली येते, म्हणून ती कोकमाची सोलं चटईवर घालून बाहेर पाणंदीत वाळवायची आणि कावळे हाकायला तिथेच मधोमध बसायची. त्या पाणंदीत चारचाकी येते ती एकच, त्यांची. पाणंदीच्या तोंडाशी ओहोळावरच्या मोरीवर टकटक ऐकू आली की चटई गोळा करायची आणि कडेच्या दगडी गडग्याला लागून उभं राहायचं, हा तिचा रोजचा नेम. गाडीच्या हॉर्नची वायर तुटून बारा वर्षं झाली, पण नवी घालायची गरज दोघांनाही कधी वाटली नाही.

मोरी गेली. पाणंदीत सुरूच्या झाडांच्या सुया पडलेल्या, त्यामुळे चाकांचाही आवाज नाही. समोर पांढरं काहीतरी हललं. व्हेलच ती. सर गालात हसले.

मग ती व्हेल राहिली नाही. उन्हासाठी डोक्यावर घेतलेला पांढरा टॉवेल झाला, आणि त्याच्याखाली कार्मीन, पाठमोरी, सोलं उलटी करत बसलेली. सरांनी ब्रेकवर दोन्ही पाय दाबले. चटईचं एक टोक चाकाखाली गेलं आणि गाडी थांबली.

"कोण तां?" कार्मीन म्हणाली.

"मी गो. लॉरेन्स."

"चलत इलंस? गाडी खंय?"

 तिने हात मागे नेला. वीतभर अंतरावर बंपर लागला. तिने तो चाचपला, वरचा गरम पत्रा चाचपला, आणि हात तिथेच राहिला.

"ही आमची नाय," ती हळूच म्हणाली. "आमची मोरयेसून साद घालता."

"आमचीच गो. औषध घातलंय तिका. गप झाली."

"आणि माका इचारलंस?"

सर खाली उतरले आणि तिच्याजवळ मातीतच बसले.  "आज मी तुका मारलंय असता, कार्मीन," म्हणाले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

तिने त्यांच्या पाठीवर हात फिरवला. सोलांचा लाल रंग शर्टाला लागला. "पुरे रे. सोलां तरी चिरडूक नाय मा?"

"नाय. फाल्यां तां तेल काढून टाकतंय. हॉर्नपण घालून घेतंय."

"फाल्यांचा फाल्यां. आज माका गाडी घराक इल्यासारखी वाटाक होई. जा, परत मोरयेसून आण."

सरांनी गाडी मागे घेत मोरीपर्यंत नेली. आता आवाज आणायचा कुठून? सीटवर तो डबा होता. त्यांनी त्यात मोरीवरचे चार खडे टाकले, तोंड दगडाने चेपलं आणि गडग्यावर पडलेल्या सुंभाच्या तुकड्याने तो मागच्या बंपरला बांधला. म्हटलं, जोनाथनचा डबा कामाला तर आला!

गाडी निघाली. खळ्ळ-खट, खळ्ळ-खट. एक कुत्रं भुंकत मागे लागलं.

पाणंदीत कार्मीनने मान वर केली. चटई गोळा केली, उठली, गडग्याला लागून उभी राहिली. लाल झालेले हात फ्रॉकला पुसले. मग दोन्ही कान झाकून ती हसत सुटली.