बॉनेटवरची चार भोकं

सत्तावन साली परळच्या बुधाजी मिस्त्रींनी दोन सीटची जुनी इंग्रजी रेसची गाडी घेतली आणि बॉनेटला चार भोकं पाडून संयुक्त महाराष्ट्राच्या सभांसाठी त्यावर भोंगा बसवला. गाड्यांचे पारखी दाबके दादरहून ती बघायला आले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

“मिस्त्री, अशी गाडी जशीच्या तशी ठेवायची असते! पन्नास वर्षांनी लोक रांग लावून बघतील हिला. भोंगा काढा, भोकं बुजवा, मी आत्ता घेतो.”

“महाराष्ट्र झाला की बुजवतो, साहेब. तोवर तिला काम आहे.”

तीन वर्षं ती गाडी लालबाग ते गिरगाव ओरडत फिरली.

एक मे साठच्या सकाळी दाबके पेढे घेऊन गॅरेजात आले. गाडी गुलालाने माखली होती, भोंगा खाली उतरवलेला होता आणि दिला शब्द पाळायला मिस्त्री वेल्डिंगचा चष्मा चढवत होते.

दाबक्यांनी धावत जाऊन दोन्ही हात भोकांवर ठेवले. “खबरदार, हात लावाल तर!”

“अहो, तुम्हालाच जशीच्या तशी पाहिजे होती ना?”

“मग तेच तर सांगतोय! भोंगा परत चढवा.”